डॉकबुकच्या एचटीएमएल पानांची शीर्षकं: टॅबवर काय दिसावं हे स्टाइलशीटमधून कसं ठरवायचं

डॉकबुक म्हणजे पुस्तकं आणि कागदपत्रं एक्सएमएलमध्ये लिहिण्याची पद्धत. तिच्यातून तुकडे पाडून, म्हणजे प्रकरणं-विभाग वेगवेगळ्या पानांवर टाकून, एचटीएमएल काढलं, की एका हुकमात शे-दोनशे पानं तयार होतात. मग ब्राउझरमध्ये पाच पानं शेजारी-शेजारी उघडावीत, तर पाचही टॅबवर 'ओळख', 'ओळख', 'मांडणी', 'ओळख', 'मांडणी'. कोणतं पान कोणत्या पुस्तकातलं, कोणत्या प्रकरणातलं, काहीच कळत नाही. बुकमार्कची आणि शोधयंत्राच्या निकालांची तीच गत.

यात स्टाइलशीटची, म्हणजे डॉकबुकचं एचटीएमएल करणाऱ्या नियमांच्या संचाची, चूक नाही. प्रत्येक तुकड्याला ती त्या घटकाचं स्वतःचं नाव देते, बस्स. छापील पुस्तकात 'ओळख' एवढं नाव चालून जातं, कारण वर प्रकरणाचं नाव असतं आणि हातात पुस्तक असतं. वेबवर मात्र पान एकटंच येतं. तेव्हा आपलं गाव शीर्षकातच सांगणं त्याला भाग आहे.

पुढचं सगळं एक्सएसएलटी १.० (एक्सएमएलचं रूपांतर करण्याची भाषा) वर चालणाऱ्या डॉकबुक एक्सएसएल स्टाइलशीटच्या १.७९ मालिकेला धरून आहे. टेम्प्लेट (एक काम करणारा नियम), मोड (त्याच घटकावर वेगळ्या कामासाठी चालणारा नियमांचा गट) आणि पॅरामीटर (बाहेरून देता येणारं मूल्य) यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगने, टिंबं जिथल्या तिथे ठेवून आणि सगळी छोट्या लिपीत टाइप करायची. लेखात 'शीर्षक' म्हणजे हेडमधल्या टायटल टॅगमधला, टॅबवर दिसणारा मजकूर, आणि 'मथळा' म्हणजे पानावर मोठ्या अक्षरात दिसणारं नाव. ही दोन वेगळी ठेवली नाहीत तर अर्धा दिवस चुकीच्या ठिकाणी बदल करण्यात जातो.

शीर्षक कुठून येतं

एक पान तयार होताना साखळी अशी चालते. 'एचटीएमएल.हेड' हे टेम्प्लेट हेड उघडतं आणि 'हेड.कंटेंट'ला बोलावतं. 'हेड.कंटेंट' त्या घटकाला 'ऑब्जेक्ट.टायटल.मार्कअप.टेक्स्टओन्ली' या मोडमध्ये त्याचं नाव विचारतं. हा मोड 'ऑब्जेक्ट.टायटल.मार्कअप'कडे जातो, आणि तो भाषेच्या फाइलमधला साचा उचलतो: टक्का-एनच्या जागी क्रमांक, टक्का-टीच्या जागी नाव. त्यातून 'प्रकरण ३. जोडणी' असं काहीतरी बनतं. मग त्यातले टॅग गळून नुसता मजकूर उरतो, आणि शेवटी 'युझर.हेड.टायटल' हे छोटंसं टेम्प्लेट तो टायटल टॅगमध्ये घालून छापतं.

म्हणजे हात घालता येईल अशा जागा तीन. खाली, भाषेच्या साच्यात बदल केला तर शीर्षक बदलतं, मथळाही बदलतो, आणि पानाच्या वरच्या पट्टीत दिसणारं प्रकरणाचं नावही. मध्ये, 'टेक्स्टओन्ली' मोडमध्ये बदल केला तर मथळा वाचतो, पण हेडमधले होम, अप, प्रीव्ह आणि नेक्स्ट हे दुवे आपल्या टायटल गुणधर्मासाठी हाच मोड वापरतात, त्यामुळे तेही लांबलचक होतात. अगदी वर, 'युझर.हेड.टायटल'मध्ये बदल केला तर फक्त शीर्षक बदलतं, दुसरं काही हलत नाही.

बहुतेकांना हवी असते ही तिसरी जागा. आणि बहुतेक जण सुरुवात करतात पहिलीपासून, कारण सेटिंग म्हटलं की भाषेची फाइलच आधी डोळ्यांसमोर येते.

आपला थर तयार करणं

मूळ स्टाइलशीटच्या फोल्डरमधली एकही फाइल बदलायची नाही. पुढची आवृत्ती बसवली की केलेलं सगळं पुसलं जातं. स्वतःची एक नवी फाइल करायची, हाच आपला थर, आणि तिच्यात मूळ 'चंक.एक्सएसएल' आयात करायचं.

फाइलच्या मूळ टॅगवर तीन गोष्टी लागतात: आवृत्ती १.०, एक्सएसएलचा नेमस्पेस (टॅग कोणत्या शब्दसंग्रहातले आहेत हे सांगणारं नाव), आणि दस्तऐवज डॉकबुक ५ चा असेल तर डॉकबुकचा नेमस्पेस 'डी' या उपसर्गाने. चौथी गोष्ट सहसा विसरली जाते: 'एक्सक्लूड-रिझल्ट-प्रिफिक्सेस' हा गुणधर्म, त्यात 'डी'. तो नसेल तर तुमच्या टेम्प्लेटमधून छापलेल्या टायटल टॅगला नेमस्पेसची लांबलचक जाहिरात चिकटून बाहेर येते. ब्राउझर ती खपवून घेतो, एचटीएमएल तपासणारी साधनं घेत नाहीत.

एक्सएचटीएमएल काढत असाल तर आणखी एक खबरदारी. मूळ टॅगवर एक्सएचटीएमएलचा नेमस्पेस उपसर्गाशिवाय, म्हणजे मूलभूत म्हणून जाहीर करा. तो राहून गेला तर तुमचा टायटल टॅग रिकाम्या नेमस्पेससह छापला जातो, आणि काटेकोर वाचणाऱ्या प्रोसेसरला ते शीर्षक मुळी शीर्षकच वाटत नाही.

इम्पोर्टची ओळ सगळ्यात आधी हवी. तिच्या वर एखादा पॅरामीटर जरी आला तरी प्रोसेसर, म्हणजे स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम, चूक दाखवतो. इम्पोर्टमध्ये वेबवरचा अधिकृत पत्ता दिला असेल तर यंत्रावर एक्सएमएल कॅटलॉग बसवलेला आहे ना, ते पाहा. कॅटलॉग तो पत्ता स्थानिक फोल्डरकडे वळवतो. तो नसेल तर प्रोसेसर दर वेळी शेकडो फाइली नेटवरून ओढत बसतो, आणि नेट बंद असलं की कामच थांबतं.

इथेच एक निमूटपणे फसवणारा खड्डा आहे. या स्टाइलशीटचे दोन संच मिळतात, एक नेमस्पेसवाला आणि एक बिननेमस्पेसचा. नेमस्पेसवाला संच आयात केला आणि आपल्या थरात उपसर्ग न लावता नुसतं 'चॅप्टर' लिहिलं, तर ते कशालाच लागू होत नाही. चूक दिसत नाही, इशारा येत नाही; बदल झालेला नसतो एवढंच. उलटही तसंच: बिननेमस्पेसचा संच डॉकबुक ५ चा दस्तऐवज हाती घेतला की आधी त्याचा नेमस्पेस काढून टाकतो, त्यामुळे तिथे 'डी:चॅप्टर' कधीच जुळत नाही. थर लिहायला घेण्याआधी कोणता संच आहे ते नक्की करा. पुढची उदाहरणं नेमस्पेसवाल्या संचाची आहेत. दुसरा असेल तर 'डी:' गाळायचं.

मुख्य टेम्प्लेट

आता 'युझर.हेड.टायटल' आपल्या फाइलमध्ये नव्याने लिहायचं. आयात केलेल्या टेम्प्लेटपेक्षा आयात करणाऱ्या फाइलमधल्या टेम्प्लेटला अग्रक्रम मिळतो, म्हणून नाव तेच ठेवलं की पुरे. आतली रचना अशी:

१. दोन पॅरामीटर. 'नोड', ज्याचं मूलभूत मूल्य एक टिंब, म्हणजे सध्याचा घटक. आणि 'टायटल', ज्यात स्टाइलशीटने बनवलेलं नाव आधीच येतं.

२. 'बुक' नावाचं व्हेरिएबल. त्याच्या सिलेक्ट गुणधर्मात: नोडच्या 'ॲन्सेस्टर' अक्षावरचा (म्हणजे पूर्वज घटकांमधला) 'डी:बुक', चौकटी कंसात १.

३. 'शॉर्ट' नावाचं व्हेरिएबल. सिलेक्टमध्ये: नोडच्या 'डी:इन्फो'मधला 'डी:टायटलअब्रेव्ह' (नावाचं छोटं रूप) किंवा थेट नोडखालचा 'डी:टायटलअब्रेव्ह', दोन्हींमध्ये उभी रेघ.

४. टायटल टॅग उघडायचा. आत 'चूज': 'शॉर्ट' सापडलं तर 'नॉर्मलाइझ-स्पेस' लावून ते, नाहीतर 'टायटल' पॅरामीटर.

५. त्याच टॅगमध्ये 'इफ', अट फक्त 'बुक'. आत 'एक्सएसएल:टेक्स्ट'मध्ये दुभाजक, म्हणजे मोकळी जागा, उभी रेघ, मोकळी जागा. आणि पाठोपाठ 'बुक'वर 'ऑब्जेक्ट.टायटल.मार्कअप.टेक्स्टओन्ली' मोडने 'अप्लाय-टेम्प्लेट्स'.

एवढ्यावर 'ओळख'चं 'ओळख | जलपंप देखभाल पुस्तिका' होतं.

दुसऱ्या पायरीत 'ॲन्सेस्टर' घेतलाय, 'ॲन्सेस्टर-ऑर-सेल्फ' नाही, याला कारण आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नोड हाच पुस्तक असतो. त्याला पुस्तक हा पूर्वज नसतो, म्हणून व्हेरिएबल रिकामं राहतं आणि तेच नाव दोनदा छापलं जात नाही. मूळ घटक नुसता लेख असेल तरीही तसंच. वेगळी तपासणी लागत नाही.

पण हे तेव्हाच, जेव्हा व्हेरिएबल सिलेक्टने भरलेलं असेल. त्याऐवजी व्हेरिएबलचा टॅग उघडून आत 'व्हॅल्यू-ऑफ' लिहिलं, तर एक्सएसएलटी १.० मध्ये त्याचं मूल्य झाडाचा तुकडा होतं, आणि असा तुकडा रिकामा असला तरी अटीत 'खरा'च ठरतो. परिणाम: मुखपृष्ठाच्या शीर्षकाला शेवटी एक उभी रेघ लोंबकळत राहते, 'जलपंप देखभाल पुस्तिका | '. ही रेघ दिसली की दुसरीकडे शोधायला जाऊ नका, व्हेरिएबल कसं भरलंय तेवढं बघा.

दुभाजक 'एक्सएसएल:टेक्स्ट'मध्येच ठेवा. तो टायटल टॅगमध्ये मोकळा लिहिला तर त्याच्या आजूबाजूच्या नव्या ओळी आणि इंडेंटसुद्धा शीर्षकात शिरतात.

'युझर.हेड.टायटल' जुन्या आवृत्त्यांत नाही. एचटीएमएल फोल्डरमधल्या 'डॉकबुक.एक्सएसएल'मध्ये ते नाव शोधा. नाही सापडलं तर अख्खं 'हेड.कंटेंट' आपल्या थरात उतरवून त्यातली टायटलची ओळ बदलावी लागते. चालतं, पण सीएसएसचा दुवा, जनरेटरचा मेटा टॅग वगैरे बाकी सगळं त्याच टेम्प्लेटमध्ये असतं. म्हणजे यापुढे त्या सगळ्याची प्रतही तुम्हालाच सांभाळायची. शक्य असेल तर आवृत्ती वाढवणं स्वस्त पडतं.

क्रमांक हवा की नको

टॅबवर मोजकीच अक्षरं दिसतात, आणि शोधयंत्रंही लांब शीर्षक कापतात. म्हणून नेमका विषय आधी आणि पुस्तकाचं नाव शेवटी. या हिशेबात 'प्रकरण ३.' हे पहिल्याच जागेवर बसून राहणं महाग पडतं. मथळ्यात क्रमांक ठेवून फक्त शीर्षकातून काढायचा असेल, तर चौथ्या पायरीत 'टायटल' पॅरामीटर वापरू नका. त्याऐवजी एक व्हेरिएबल उघडा, आत नोडवर 'टायटल.मार्कअप' मोडने 'अप्लाय-टेम्प्लेट्स' करा आणि त्याला 'नॉर्मलाइझ-स्पेस' लावून छापा. हा मोड साच्यापर्यंत जात नाही, कोरं नाव देतो. इथे मजकूरच हवा असल्यामुळे व्हेरिएबल झाडाचा तुकडा असला तरी बिघडत नाही.

क्रमांक ठेवणार असाल तर ही गोष्ट लक्षात असू द्या: साच्यातल्या 'प्रकरण' आणि '३' यांच्यामधली जागा साधी स्पेस नसते, न तुटणारी असते, युनिकोडमधलं १६० क्रमांकाचं चिन्ह. 'नॉर्मलाइझ-स्पेस' तिला हात लावत नाही. त्याला फक्त स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हं कळतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शीर्षकात साध्या स्पेसने शोध घेणाऱ्या स्क्रिप्टला काही सापडत नाही. 'ट्रान्सलेट' फंक्शनने ते चिन्ह साध्या स्पेसमध्ये बदलून टाका.

सगळीकडेच बदल हवा असेल तेव्हा

'प्रकरण'ऐवजी सगळीकडे 'भाग' म्हणायचं असेल, मथळ्यातही आणि टॅबवरही, तर भाषेच्या साच्याची जागाच बरोबर. 'लोकल.एल१०एन.एक्सएमएल' हा पॅरामीटर आपल्या थरात द्या. त्याच्या सिलेक्टमध्ये 'डॉक्युमेंट' फंक्शन, कंसात रिकामी अवतरणं, म्हणजे 'हीच फाइल'. आणि याच फाइलमध्ये एल१०एनच्या, म्हणजे भाषेच्या साच्यांच्या, नेमस्पेसखाली भाषा, तिच्यात कॉन्टेक्स्ट, त्यात घटकाचं नाव आणि नवा साचा. हा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये हलवला तर रिकामी अवतरणं चालणार नाहीत, तिथे त्या फाइलचं नाव द्यावं लागतं.

हा बदल निष्फळ ठरण्याची दोन नेहमीची कारणं. पहिलं, भाषेचा कोड: दस्तऐवजाच्या मूळ घटकावर जी भाषा आहे, तीच साच्यावर हवी. दस्तऐवजावर भाषा लिहिलीच नसेल तर स्टाइलशीट इंग्रजी धरते, आणि मराठीसाठी केलेला साचा तसाच पडून राहतो. दुसरं, कॉन्टेक्स्ट: क्रमांक चालू असलेल्या घटकांसाठी 'टायटल-नंबर्ड', बंद असलेल्यांसाठी 'टायटल-अननंबर्ड' पाहिलं जातं. साधं 'टायटल' कॉन्टेक्स्ट बदलून प्रकरणाचं नाव बदलेल म्हणून वाट पाहत बसू नका. प्रकरणांना क्रमांक मुळातच चालू असतात, विभागांना मात्र 'सेक्शन.ऑटोलेबल'ला १ दिल्याशिवाय येत नाहीत. त्यामुळे एकाच पुस्तकात दोन्ही कॉन्टेक्स्ट लागू शकतात.

एकेका पानाचं शीर्षक वेगळं करणं

'टायटलअब्रेव्ह'ची सोय वर केलीच आहे. मथळा लांब आणि शीर्षक आटोपशीर हवं असेल तिथे तो घटक लेखकाने भरायचा. पण अनुक्रमणिकाही 'टायटलअब्रेव्ह'च वापरते, तेव्हा तिथेही छोटं नाव दिसेल. ते नको असेल तर स्वतःची एक प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन (एक्सएमएलमध्ये प्रोग्रामसाठी लिहिलेली सूचना) ठरवा, तिला एखादं नाव द्या, आणि 'चूज'मध्ये 'शॉर्ट'च्या आधी नोडखालची ती इन्स्ट्रक्शन आहे का ते पाहा. ती त्या घटकाची थेट मूल असली पाहिजे. परिच्छेदात लिहिली तर सापडणार नाही.

ही सोय चैनीची वाटेल, पण एका ठिकाणी तिच्याशिवाय गत्यंतर नाही. टायटल टॅगमध्ये दुसरे टॅग चालत नाहीत, म्हणून मथळ्यातले घातांक आणि पादांक सपाट होतात. मथळा '१० चा ६ वा घात' हे चिन्हात लिहून दाखवणारा असेल, म्हणजे दहावर सुपरस्क्रिप्टमध्ये सहा, तर टॅबवर तो '१०६' असा उमटतो. पान बरोबर, मथळा बरोबर, आणि शोधनिकालात दहा लाखांऐवजी एकशे सहा. अशा पानांसाठी शीर्षक हाताने द्या, युनिकोडमधलं वर बसणारं सहा वापरून किंवा सरळ शब्दांत. मथळ्यात चित्र असेल तर तेही नाहीसं होतं. नुसतं चित्रच असेल तर शीर्षक रिकामं येतं.

आणि ज्या विभागाला नावच नाही, त्याच्या जागी काही वेळा स्टाइलशीट तीन प्रश्नचिन्हं, मोठ्या लिपीत टायटल आणि पुन्हा तीन प्रश्नचिन्हं छापते. यंत्रणेवर एक इशाराही येतो, पण शेकडो ओळींत तो वाहून जातो.

खोलवर तुकडे पाडले असतील

'चंक.सेक्शन.डेप्थ' मुळात १ असतं. म्हणजे प्रकरणातले पहिल्या पातळीचे विभाग वेगळ्या पानावर जातात. त्यातलाही पहिला विभाग प्रकरणाच्या पानावरच राहतो, 'चंक.फर्स्ट.सेक्शन्स' चालू केलं नाही तोवर. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या विभागाचं शीर्षक कुठेच दिसलं नाही तर थर बिघडला असं समजू नका.

खोली २ किंवा ३ केली की 'ओळख | पुस्तिका' हेसुद्धा पुरत नाही, कारण एकाच पुस्तकात 'ओळख' नावाचे अनेक विभाग निघतात. मधे प्रकरणाचं नाव घाला: 'ओळख | दाबमापक | जलपंप देखभाल पुस्तिका'. पद्धत तीच, फक्त 'ॲन्सेस्टर' अक्षावर 'डी:चॅप्टर', आणि नाव 'टायटल.मार्कअप'मधून घेतलेलं, म्हणजे क्रमांक मधे येणार नाही. चारच्या वर तुकडे घालू नका. शीर्षक पत्त्यासारखं वाचायला लागतं. एकाच वेळी अनेक आवृत्त्यांची कागदपत्रं वेबवर असतील तर पुस्तकाच्या नावाला आवृत्तीचा क्रमांक जोडा. 'डी:इन्फो'मधल्या 'डी:प्रॉडक्टनंबर'मधून तो घेतला, की दर आवृत्तीला थर उघडावा लागत नाही.

चालवणं आणि तपासणं

साध्या एचटीएमएल संचात तुकड्यांचं एन्कोडिंग मुळात आयएसओ-८८५९-१ असतं. देवनागरी अक्षरं त्यात बसत नाहीत, म्हणून प्रोसेसर प्रत्येक अक्षराचा आकडा लिहितो. ब्राउझरमध्ये सगळं ठीक दिसतं, पण फाइल उघडली की शीर्षकात नुसते आकडे, आणि शोधायला गेलं तर शून्य निकाल. 'चंकर.आउटपुट.एन्कोडिंग'ला यूटीएफ-८ द्या. एक्सएचटीएमएल संचात ते आधीच असतं.

एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोसेसर वापरत असाल तर दस्तऐवज अनेक फाइलींत विभागलेला असताना 'एक्सइन्क्लूड' पर्याय लावायला विसरू नका, आणि 'बेस.डिर'च्या शेवटी तिरकी रेघ द्या. जुन्या आवृत्त्यांत ती नसेल तर फोल्डरचं नाव फाइलच्या नावाला चिकटतं.

मग सगळी शीर्षकं एका यादीत काढा. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला 'एच' आणि 'ओ' हे पर्याय देऊन टायटल टॅगपासून पुढच्या छोट्या-कोनकंसापर्यंतचा मजकूर मागा, तो सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी आज्ञा) मधून आणि मग 'डी' पर्यायासह युनिक (लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखणारी आज्ञा) मधून जाऊ द्या. 'ओ' इथे टाळता येत नाही: तुकड्यांना इंडेंट नसतं, हेड आणि बॉडीतला बराच मजकूर एकाच ओळीत असतो, आणि 'ओ' नसेल तर ग्रेप ती अख्खी ओळ अंगावर टाकतो. उरलेल्या यादीत जी शीर्षकं दिसतील ती दोन किंवा अधिक पानांवर सारखी आहेत. यादी रिकामी आली की त्याच मजकुरात प्रश्नचिन्हं आणि शेवटी लोंबणारी उभी रेघ शोधा. टायटल टॅगवर नेमस्पेस चिकटला असेल तर वरचा नमुना त्याला जुळतच नाही, म्हणून यादीतल्या ओळी आणि फोल्डरमधल्या पानांची संख्या युनिक लावण्याआधी एकदा जुळवून पाहा.